संगणकाचे मासिक आणि अडीच रुपयांचा हिशेब

वर्षाला एका विद्यार्थ्यामागे अडीच रुपये. सरकारी शाळेच्या ग्रंथालयाला संगणकाच्या नियतकालिकांवर खर्च करता येईल अशी रक्कम साधारण एवढीच निघते. पुढची सगळी निवड या आकड्यावर उभी आहे, म्हणून तो कसा आला ते आधी पाहू.

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. शाळेत कितवीपासून कितवीपर्यंतचे वर्ग आहेत, त्यावर रक्कम ठरते. ४०० पटाच्या एका शाळेला १५,००० रुपये मिळाले असे धरू. त्यातला मोठा वाटा पुस्तकांना जातो आणि जायलाच हवा. नियतकालिकांसाठी पाचवा हिस्सा काढला तर ३,००० रुपये होतात. त्यात मुलांचे मासिक हवे, विज्ञानाचे हवे, खेळाचे किंवा स्पर्धा परीक्षांचे एखादे हवे. संगणकाला तिसरा हिस्सा दिला तर उरतात १,००० रुपये. ४०० मुलांत ते वाटले की अडीच रुपये.

याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० संशोधन नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक, असा तिचा आवाका आहे. भागाकार केला तर माणशी वर्षाला सुमारे १,१११ रुपये येतात. वरच्या शाळेत सगळी नियतकालिके मिळून विद्यार्थ्यामागे साडेसात रुपये आहेत. संशोधनाला महाग नियतकालिके लागतात आणि त्यांवर खर्च व्हायलाच हवा. पण या योजनेत शाळा नाहीत. ऑनलाइन नियतकालिकांवरची जीएसटी माफीही उच्च शिक्षण संस्थांपुरती आहे, बारावीपर्यंतच्या शाळांना ती लागू नाही. छापील नियतकालिकांवर मात्र कोणालाच जीएसटी नाही.

सारांश, शाळेच्या ग्रंथपालाला किंवा ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकाला ही निवड स्वतःच्या हिमतीवर आणि हजारभर रुपयांत करायची आहे. ती चोख करता येते, असे माझे ठाम मत आहे.

मुलांकडे काय आहे, काय नाही

शाळांची सरकारी आकडेवारी देणाऱ्या यू-डायस प्लसच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशात १४.७१ लाख शाळा आहेत. त्यांपैकी ६४.७ टक्के शाळांत संगणकाची आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय आहे. आदल्या वर्षी हे आकडे ५७.२ आणि ५३.९ टक्के होते. वाढ चांगली आहे. तरीही पाच लाखांहून अधिक शाळा आजही संगणकाविना आहेत.

घरचे चित्र वेगळे आहे. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

म्हणजे यंत्र मुलांपर्यंत पोहोचले आहे. त्या यंत्राच्या पोटात काय चालते, ते आपल्या मनाप्रमाणे कसे चालवायचे, याची शिकवण पोहोचलेली नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीच्या वर्गापासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती शिकवण्याचे जाहीर केले आहे. हा विषय वर्गात येईल तेव्हा त्याच्या जोडीला वाचायला काहीतरी लागेल. पाठ्यपुस्तक वर्षाला एकदा मिळते. नियतकालिक वर्षभर येत राहते, आणि संगणकासारख्या विषयात त्याची खरी उपयुक्तता या सातत्यात आहे.

जुने काम संपले

संगणकाचे मासिक एकेकाळी तीन कामे करत असे. बातमी देणे, खरेदीला मदत करणे आणि सॉफ्टवेअर पोहोचवणे. यातले तिसरे काम किती मोलाचे होते ते एका गुणाकारातून कळेल. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. अंकासोबत येणाऱ्या सीडीत ६५० मेगाबाइट मजकूर मावत असे. तेवढाच मजकूर २८.८ केबीपीएस वेगाच्या मोडेमवर उतरवायला, लाइन एकदाही तुटली नाही असे धरले तरी, सुमारे ५० तास लागले असते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, तेव्हा वाचकाच्या हातात दोन दिवसांहून अधिक वेळाचे डाउनलोड आयते पडले होते. आज ४० एमबीपीएस जोडणीवर तेवढ्या मजकुराला सव्वादोन मिनिटेही लागत नाहीत.

बातमी आणि खरेदीचा सल्ला ही कामेही इंटरनेटने घेतली. अमेरिकेतला हिशेब पाहा. ‘बाइट’ १९७५ मध्ये सुरू झाले आणि १९९८ मध्ये बंद पडले. ‘पीसी मॅगझिन’ची छपाई जानेवारी २००९ च्या अंकानंतर थांबली. ‘पीसी वर्ल्ड’चा छापील अंक २०१३ मध्ये संपला. ‘मॅक्सिमम पीसी’ आणि ‘मॅकलाइफ’ यांनी एप्रिल २०२३ च्या अंकांनंतर कागद सोडला.

शाळेने यातून एक धडा घ्यावा. ज्या मासिकाचा भर नवे फोन, नवे लॅपटॉप आणि त्यांच्या किमतींवर आहे, ते ग्रंथालयासाठी घेऊ नये. तो मजकूर अंक पोस्टाने पोहोचण्याआधीच मुलांनी फोनवर पाहिलेला असतो. शिवाय ४०० मुलांतली बहुतेक मुले त्या वस्तू विकत घेणार नसतात. शाळेचा पैसा जाहिरातींच्या वाचनावर जाता कामा नये.

कोणता मजकूर किती टिकतो

ग्रंथालयात आलेला अंक दोन-चार वर्षे तरी कामाचा राहावा, ही अपेक्षा रास्त आहे. त्या दृष्टीने संगणकाच्या मासिकातल्या मजकुराचे तीन थर पडतात.

पहिला थर किमती, तुलना आणि खरेदीच्या याद्यांचा. तो काही महिन्यांत निरुपयोगी होतो.

दुसरा थर एखादे सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणाऱ्या लेखांचा. याचे आयुष्य त्या सॉफ्टवेअरएवढे. फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि वेबसाठी फ्लॅश ॲनिमेशन शिकवणारे लेख बाद झाले. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० पासून थांबला. मुलांसाठीच्या ‘स्क्रॅच’ या प्रोग्रामिंग भाषेची तिसरी आवृत्ती २ जानेवारी २०१९ रोजी आली, त्यामुळे त्याआधीच्या अंकांतली पडद्याची चित्रे आजच्या पडद्याशी जुळत नाहीत. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे लेख उपयोगी असतात, पण त्यांची मुदत तपासूनच घ्यावेत.

तिसरा थर कल्पनांचा, आणि तो जवळजवळ जुना होत नाही. हजेरीपटावर अकारविल्हे लावलेली १,००० नावे आहेत आणि एक नाव शोधायचे आहे. मधोमध उघडायचे, नाव पुढे असेल की मागे ते ठरवायचे आणि निम्मी यादी सोडून द्यायची. असे केले तर जास्तीत जास्त १० वेळा पाहून नाव सापडते. १० लाख नावे असली तरी २० वेळा पुरे. ही युक्ती समजावणारा चांगला लेख तीस वर्षांपूर्वीचा असला तरी आजच्या सातवीच्या मुलीला तो नवाच आहे.

या तिसऱ्या थराची ताकद इतिहासातही दिसते. गॉर्डन मूर यांचा प्रसिद्ध लेख ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकात १९ एप्रिल १९६५ रोजी छापून आला. चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत राहील आणि १९७५ पर्यंत एका चिपवर ६५,००० घटक मावतील, असा अंदाज त्यांनी केला होता. दहा वेळा दुप्पट म्हणजे १,०२४ पट. पुढे १९७५ मध्ये त्यांनीच हा वेग दर दोन वर्षांना दुप्पट असा सुधारला. हे गणित आठवीच्या वर्गात आलेखाच्या कागदावर आजही काढता येते. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा संगणक होता. तो अंक पाहून पॉल ॲलन आणि बिल गेट्स कामाला लागले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. वाचकाच्या हाताला काम देणाऱ्या अंकाची ही किमया आहे.

शंभर गुणांचे गुणपत्रक

निवडीसाठी प्रत्येक मासिकाचे दोन वेगवेगळे अंक हाती घ्यावेत. नवा अंक विकत आणावा, जुना रद्दीच्या दुकानात किंवा जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे मिळतो. पाने मोजावीत आणि असे गुण द्यावेत:

- करून पाहण्याजोगा मजकूर: ३० गुण. प्रोग्राम, कोडी, प्रयोग, जोडणी यांची पाने एकूण पानांच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी असतील तर अर्धे गुण कापावेत.
- आपल्या शाळेतल्या यंत्रावर चालणारा मजकूर: २० गुण. शाळेचे संगणक जुने असतील आणि लेखांना महागडे ग्राफिक कार्ड किंवा विकतचे सॉफ्टवेअर लागत असेल तर शून्य.
- भाषा: २० गुण. सातवी ते नववीच्या पाच मुलांना एक पान वाचायला द्यावे. तिघांना त्यातले निम्मे सांगता आले तर पूर्ण गुण.
- टिकाऊपणा: १५ गुण. दोन वर्षांपूर्वीच्या अंकातले किती लेख आजही वापरता येतात, ते मोजावे.
- जाहिरातींचे प्रमाण: १५ गुण. जाहिराती आणि जाहिरातवजा वस्तुपरिचय मिळून चौथ्या हिश्शाहून जास्त पाने असतील तर गुण देऊ नयेत.

साठ गुणांखालचे मासिक घेऊ नये, ते कितीही नावाजलेले असो.

या मोजणीला मुलांनाच बसवावे. पाने मोजणे, वर्गीकरण करणे, टक्के काढणे हा आठवीच्या सांख्यिकीचा चांगला सराव आहे. शिवाय जे मासिक मुलांनी स्वतः निवडले, ते मुले उघडून पाहतात.

एका वाचनाची किंमत

वर्गणी किती यापेक्षा एका वाचनाला किती पडले, हा प्रश्न जास्त खरा आहे. तीन काल्पनिक पर्याय घेऊ.

पर्याय पहिला: वर्षाची वर्गणी १,८०० रुपये, १२ अंक. गुळगुळीत कागद आणि इंग्रजी मजकूर. प्रत्येक अंक १५ मुलांनी वाचला तर वर्षात १८० वाचने. एका वाचनाला १० रुपये.

पर्याय दुसरा: वर्षाची वर्गणी ६०० रुपये, ६ अंक. प्रत्येक अंकात चार-पाच प्रयोग. ते करण्यासाठी ६० मुलांनी अंक हाताळला तर ३६० वाचने. एका वाचनाला १ रुपया ६७ पैसे.

पर्याय तिसरा: इंटरनेटवर मोफत असलेल्या अंकातली निवडक १६ पाने छापून घ्यायची. पानाला २ रुपये धरले तर एक प्रत ३२ रुपयांना पडते. पाच प्रती १६० रुपयांना, वर्षातून चार वेळा ६४० रुपये. प्रत्येक प्रत १६ मुलांनी वापरली तर ३२० वाचने. एका वाचनाला २ रुपये.

हजार रुपयांत पहिला पर्याय बसतच नाही. दुसरा बसतो आणि वर ४०० रुपये उरतात, त्यांत तिसऱ्याचे दोन हप्ते होतात. दुसरा पर्याय आणि तिसऱ्याचा थोडा भाग हे मिश्रण बहुतेक शाळांना परवडेल.

वाचनांची संख्या मोजायला संगणक लागत नाही. अंकाच्या शेवटच्या पानावर एक कोरा कागद चिकटवावा. अंक वाचला की एक काडी आणि त्यातले काही करून पाहिले की फुली. तीन महिन्यांनी बेरीज करून ती नियतकालिकांच्या नोंदवहीत उतरवावी. पुढच्या वर्षी वर्गणी चालू ठेवायची की नाही, ते ही बेरीज सांगेल. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले पहिलेच सूत्र ग्रंथ वापरासाठी असतात असे सांगते. कुलूपबंद कपाटातला कोरा करकरीत अंक त्या सूत्रात बसत नाही.

समोर काय आहे

इंग्रजीत ‘डिजिट’, ‘पीसीक्वेस्ट’ आणि ‘ओपन सोर्स फॉर यू’ ही भारतीय नावे परिचित आहेत. शेवटचे २००३ मध्ये ‘लिनक्स फॉर यू’ या नावाने सुरू झाले. मुक्त सॉफ्टवेअर हा त्याचा विषय असल्यामुळे त्यातले लेख करून पाहायला सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही, हा मोठा फायदा. मजकूर मात्र अकरावी-बारावीच्या आणि शिक्षकांच्या पातळीचा असतो. वर्गणी भरण्याआधी प्रकाशकाला फोन करून छापील अंक निघतो का, वर्षाला किती निघतात आणि न पोहोचलेला अंक पुन्हा पाठवतात का, हे तिन्ही प्रश्न विचारावेत.

मोफत मिळणाऱ्यांत तीन नावे भरवशाची आहेत. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातून २००५ पासून निघणारे ‘सीएस४एफएन’ शाळकरी मुलांसाठीच आहे. जादूचे प्रयोग, कोडी आणि खेळ यांतून ते संगणकशास्त्र शिकवते. ‘हॅलो वर्ल्ड’ हे २०१७ मध्ये सुरू झालेले रास्पबेरी पाय फाउंडेशनचे नियतकालिक संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचे ‘रेझोनन्स’ जानेवारी १९९६ पासून निघते आणि त्याचे अंक इंटरनेटवर खुले आहेत. ते कनिष्ठ महाविद्यालयाच्या हुशार मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी ठेवावे.

ज्या पाच लाखांवर शाळांत संगणक नाही, त्यांनीही हा विषय सोडू नये. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकवणारे उपक्रम तयार केले. त्यांतला एक असा: पाच पुठ्ठ्यांवर १, २, ४, ८ आणि १६ ठिपके काढायचे. पुठ्ठे उघडे किंवा पालथे ठेवून महिन्याची १ ते ३१ यांपैकी कोणतीही तारीख मांडता येते. द्विमान पद्धत समजायला एवढे पुरते. असे उपक्रम छापणारे नियतकालिक संगणक नसलेल्या शाळेतही पूर्ण वसूल होते.

मराठीचा रकाना

मराठी शाळेच्या फडताळावर विज्ञान आणि बालवाचनाची चांगली नियतकालिके ठेवता येतात. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची ‘पत्रिका’ आहे. ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक आहे. यांत संगणकावरचे लेख अधूनमधून येतात. ग्रंथालयाने त्यांची वेगळी सूची करावी: लेखाचे नाव, अंकाचा महिना, पान आणि विषय. एका वहीत ५० नोंदी झाल्या तरी मुलांना मराठीत संगणक वाचायचा एक रस्ता तयार होतो. खर्च एका वहीचा.

पण शाळकरी मुलाला दर महिन्याला मराठीतून प्रोग्राम लिहायला शिकवणारा अंक ही गरज याने भागत नाही. ती भागवण्याचा कायदेशीर मार्ग खुला आहे. ‘हॅलो वर्ल्ड’ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली निघते. मूळ लेखकाला श्रेय द्यायचे, नफ्यासाठी वापर करायचा नाही आणि अनुवादही त्याच परवान्याखाली खुला ठेवायचा, एवढ्या अटी पाळल्या की त्यातला मजकूर मराठीत आणता येतो, छापता येतो, वाटता येतो. एका तालुक्यातल्या १० शाळांनी वर्षाला प्रत्येकी २ लेख मराठीत आणले तर २० लेख होतात. चार-चार लेखांचे पाच अंक निघतात. छपाईचा खर्च दहा जणांत विभागला तर तो प्रत्येकाच्या हजार रुपयांत बसवता येईल.

शिक्षकांना, ग्रंथपालांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या एप्रिलमध्ये वर्गणीचे पैसे भरण्याआधी चालू मासिकांचे अंक टेबलावर मांडा, मुलांना पाने मोजू द्या आणि गुणपत्रक भरा. ६० गुणांखालची वर्गणी बंद करा. वाचलेल्या पैशांतून मुले करून पाहतील असे काही छापून घ्या, आणि पहिले दोन लेख मराठीत आणण्याची जबाबदारी तुमच्या शाळेत कोण घेणार, ते त्याच बैठकीत ठरवा.